चौदा महिने घोडा होता कुठे?

इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ राहणाऱ्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

"माझी मुलगी १९ वर्षांची आहे. तीन वर्षं सुट्टीच्या दिवशी एका ट्रेनरच्या यार्डात, म्हणजे पागेत, सकाळी घोडे फिरवायला जाते. आता तिला पॉइंट-टू-पॉइंटमध्ये, नवशिक्या रायडरांच्या शर्यतीत उतरायचंय आणि त्यासाठी तिने एक घोडा पसंत केलाय. सात वर्षांचा, कुमैत रंगाचा, खच्ची केलेला, उंची सोळा हँड दोन इंच, म्हणजे साडेपाच फूट. दोन-तीन वर्षांचा असताना फ्लॅटच्या ११ शर्यती, मग हर्डल्सच्या सहा, त्यात एकदा दुसरा. मग १४ महिने काहीच नाही. परत आल्यावर हर्डल्सच्याच दोन शर्यती: एकीत रायडरने मध्येच थांबवला, दुसरीत सहावा. किंमत ४,५०० पौंड. विकणारे म्हणतात, मालकाला घोडे कमी करायचेत, बाकी काही नाही. घोड्यातलं मला ओ का ठो कळत नाही. व्हेटकडून पाच टप्प्यांची तपासणी करून घेतली की निर्धास्त राहता येईल ना?"

ताई, तपासणी जरूर करून घ्या, पण निर्धास्त राहू नका. व्हेट सांगणार तो घोडा आज कसा आहे ते. तुमच्या पत्रात घोडं पेंड खातंय ते त्या १४ महिन्यांपाशी, आणि त्यांचा छडा लावायचं निम्मं काम व्हेटला बोलवायच्या आधी, घरबसल्या, एक पैसा न देता होतं.

आधी या घोड्याला करायचंय काय, ते बघू. महालक्ष्मीला किंवा पुण्याला आपण पाहतो त्या सगळ्या फ्लॅट शर्यती, वाटेत अडथळा नाही. पॉइंट-टू-पॉइंट म्हणजे हौशी रायडरांची, शेतजमिनीवर आखलेल्या मार्गावरची शर्यत. अंतर बहुधा ३ मैल, त्यात साधारण १८ कुंपणं, प्रत्येक कुंपण बर्चच्या काटक्या ठासून भरलेलं आणि सव्वाचार फुटांच्या आसपास उंच. पाठीवर खोगीर-रायडर-शिसं मिळून ७० ते ८० किलो. हंगाम हिवाळ्यात सुरू होतो, म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ पायाखाली चिखल. हर्डल साडेतीन फुटांचं असतं आणि घोड्याचा पाय लागला तर मागे कलतं. चलाख घोडा ते घासून निघून जायला शिकतो. बर्चचं कुंपण अशी सवलत देत नाही. त्यामुळे हर्डल्सच्या आठ शर्यती झाल्या म्हणजे घोड्याला कुंपणावरून उडी येते, असं धरू नका.

पहिलं काम, घोड्याचं नाव रेसिंग पोस्ट या शर्यतींच्या वर्तमानपत्राच्या साइटवर टाका. प्रत्येक शर्यत, अंतर, जमीन आणि दोन ओळींचा शेरा दिसेल. नावाआधीच्या आकड्यांच्या ओळीत आडवी रेघ म्हणजे हंगाम बदलला, तिरकी रेघ म्हणजे मध्ये मोठा खंड. इंग्रजी एफ म्हणजे पडला, यू म्हणजे रायडर खाली आला, पी म्हणजे थांबवला, आर म्हणजे उडी नाकारली. तुमच्या घोड्याच्या बाबतीत तीन गोष्टी शोधा. एक, फ्लॅटवर तो किती अंतर धावला? सहा-सात फर्लांगांवर चमकलेला घोडा ३ मैलांत शेवटच्या तीन कुंपणांना रिकामा होतो, आणि दमलेला घोडाच पडतो. दीड मैल किंवा त्याहून लांब पळताना शेवटी "पुढे येत राहिला" असा शेरा असेल तर बरं. दोन, त्याची चांगली शर्यत कसल्या जमिनीवर झाली? गुडघा न उचलता जमिनीलगत पाय टाकणाऱ्या घोड्यांना कडक जमीन आवडते, फेब्रुवारीच्या चिखलात ते हतबल होतात. तीन, परतल्यानंतरच्या शर्यतींत नावापुढे नवी अक्षरं आली का? टी म्हणजे जीभ बांधलेली, म्हणजे घशाची शंका. डब्ल्यूएस म्हणजे मागच्या शर्यतीनंतर श्वासमार्गाचं ऑपरेशन झालं. जानेवारी २०१८ पासून ब्रिटनमध्ये ट्रेनरला हे जाहीर करावंच लागतं.

डब्ल्यूएस दिसलं तर विकणारे हसून म्हणतील, "हां, घशाचं छोटं ऑपरेशन झालं होतं, म्हणून सुट्टी." इथे हिशेब करा. घशाच्या ऑपरेशननंतर बहुतेक घोडे दोन-तीन महिन्यांत पुन्हा कामाला लागतात. पुढच्या पायाची कंडरा, म्हणजे टेंडन, फाटली असेल तर मात्र विश्रांती, चालणं, दुडकी, मग हळूहळू वेग, असं करत शर्यतीपर्यंत यायला ९ ते १८ महिने जातात. तुमचे १४ महिने या हिशेबात अगदी मधोमध बसतात. हा पुरावा नाही. ओटीपोटाच्या हाडाला चीर गेली किंवा मालकाने पैसे द्यायचे थांबवले तरी असा खंड पडतो. पण सिद्ध होईपर्यंत पायच समजून चाला.

थांबवलेल्या शर्यतीचा व्हिडिओ बघायचा, पुन्हा पुन्हा. कुठे थांबवला? अंतराच्या निम्म्यात, अचानक, रायडरने लगेच खाली उतरून पाय पाहिला, तर पाय. शेवटच्या अर्ध्या मैलात पाय जड होत मागे पडत गेला, तर श्वास, हृदय किंवा दम. त्या दिवसाचा शर्यतीच्या पंचांचा, म्हणजे स्टुअर्ड्‌सचा अहवालही वाचा. नाकातून रक्त आलं, लंगडत आला, नाल निसटली असली कारणं तिथे नोंदलेली असतात. उड्या बघताना घोडा हवेत कोणत्या बाजूला सरकतो तेही टिपा. डावीकडे वळणाऱ्या मार्गावर प्रत्येक कुंपणाला उजवीकडे सरकणारा घोडा दर वेळी एखाद-दोन घोड्यांच्या लांबीएवढं अंतर घालवतो, आणि बाजूच्या घोड्यावर आदळतो तो वेगळाच.

मग फोन. पहिला प्रश्न किमतीचा नव्हे, हा: घोडा नॉन-रेसिंग अ‍ॅग्रीमेंटवर विकताय का? शर्यतीतून निवृत्त केलेले पुष्कळ घोडे या करारावर जातात. तो वेदरबीजकडे, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे, नोंदलेला असला की घोडा फिरवायला, शो जंपिंगला ठीक, शर्यतीला कायमचा बंद. दुसरा प्रश्न, परवानाधारक ट्रेनरच्या यार्डातून घोडा कोणत्या तारखेला बाहेर पडला? पॉइंट-टू-पॉइंटच्या पात्रतेला या तारखेची मर्यादा असते. त्या हंगामाचा नियम पॉइंट-टू-पॉइंट अथॉरिटीकडून लेखी मागवा. तिसरा प्रश्न: "१४ महिन्यांत स्कॅन कोणी केला, आणि तुमच्या व्हेटकडची नोंद आमच्या व्हेटला द्यायला तुमची हरकत आहे का?" या प्रश्नानंतरची शांतता नीट ऐका. विकणाऱ्याची संमती असेल तर त्यांचा व्हेट नोंदी देतो. संमती नाही म्हणाले तर आमच्या मते तिथेच फोन ठेवावा. ४,५०० पौंडांचे घोडे इंग्लंडात ढिगाने मिळतात.

बघायला जाताना सांगून ठेवा: सकाळी येतो, घोड्याला अजून फिरवू नका, पायाच्या पट्ट्या आदल्या रात्री बांधू नका. पट्टीने सूज दबते, व्यायामाने उतरते. पोचल्यावर पुढचे पाय गुडघ्याखाली ओले दिसले, तर कुणीतरी नुकतंच गार पाणी मारून ऊब घालवलेली असू शकते. अशा वेळी चहा घ्या, गप्पा मारा, तासाभराने पुन्हा हात लावा.

घोडा सपाट जागी उभा करून आधी बाजूने पाहायचं, हात न लावता. गुडघ्याच्या मागून घोट्यापर्यंत येणारी मागची रेघ पट्टीसारखी सरळ हवी. नळीच्या, म्हणजे गुडघ्याखालच्या हाडाच्या, मध्यावर ती धनुष्यासारखी मागे फुगली असेल तर कंडरेला मार बसून गेलाय. मग खाली बसून दोन्ही पायांवर एकाच वेळी दोन तळहात ठेवा: एक पाय दुसऱ्यापेक्षा कोमट लागतो का? आता मुलीने घोड्याचा डावा पाय उचलून गुडघ्यात दुमडावा. पाय हवेत असला की कंडरा सैल पडते. अंगठा आणि दोन बोटं यांच्या चिमटीत धरून गुडघ्यापासून खाली इंच-इंच सरकत जा. सर्वांत मागची कंडरा, तिच्या पुढची खोल कंडरा आणि हाडालगतचा काडीसारखा सस्पेन्सरी बंध, तिन्ही बोटाला वेगवेगळे कळायला हवेत. कडा धारदार आणि ताणलेल्या दोरीसारखी असेल तर छान. एखाद्या ठिकाणी ती पाणी भरलेल्या रबरी नळीसारखी गोल, जाड लागली, किंवा तिथे दाबल्यावर घोड्याने पाय खेचला, तर ती जागा लक्षात ठेवा आणि दुसऱ्या पायावर तीच जागा तपासा. दोन्हीकडे सारखं असेल तर बहुधा त्याची ठेवणच तशी.

आणखी एक खूण सहसा कुणी पाहत नाही. हिवाळ्यात कामातल्या घोड्याच्या अंगाचे केस कापतात, पण पायांचे बहुतेकदा ठेवतात. नळीच्या मागच्या बाजूला चौकोनी पट्ट्यात केस आखूड किंवा नव्याने उगवलेले दिसले, तर तिथे गेल्या काही आठवड्यांत अल्ट्रासाउंडचं यंत्र फिरलंय. का फिरलं, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

फाटलेली कंडरा भरून येते ती मूळच्या धाग्यांनी नव्हे, ताठर व्रणाने. व्रण ताणत नाही, म्हणून पुढचा ताण त्याच्या वरच्या-खालच्या भागावर येतो आणि तिथे ती पुन्हा जाते. कधी भार दुसऱ्या पायावर टाकल्याने तो जातो. त्यामुळे "भरून आलंय" हे खरं असूनही पुरेसं नाही. भरल्यानंतर अख्खा एक हंगाम, सात-आठ शर्यती, धावून दाखवलेला जुना पाय आम्हाला चालेल. दोनच शर्यती, त्यातल्या एकीत थांबवलेला, हा पाय अजून तपासलाच गेलेला नाही.

खुरांकडे फार वेळ नको. पुढे लांबलेलं बोट आणि खाली बसलेली टाच ही थरोब्रेडमध्ये, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांच्या या जातीत, नेहमीची, पण तिच्यामुळेही मागच्या कंडरेवर ताण वाढतो. चांगला नालबंद दोन-तीन खेपांत पुष्कळ सुधारतो. दोन पुढचे खूर आकाराने स्पष्ट वेगळे असतील तर मात्र व्हेटला आवर्जून दाखवा.

आता घसा. खालच्या जबड्यामागे, मानेच्या डाव्या बाजूला बारीक आडवी-तिरकी व्रणरेषा म्हणजे स्वरयंत्राची कूर्चा बाजूला ओढून शिवलेली. घशाखाली अगदी मध्यावर उभा व्रण म्हणजे स्वरतंतूचं ऑपरेशन. केसांखाली दिसत नाही, बोटाने शोधावा लागतो. डावीच बाजू का, तर त्या बाजूच्या स्वरयंत्राला जाणारी नस लांबलचक असते आणि तीच निकामी होते. उंच घोड्यांत जास्त. ऑपरेशन झालेला घोडा घ्यायला हरकत नाही, लपवलेलं ऑपरेशन असेल तर हरकत आहे. मग कुणीतरी त्याला तुमच्या समोरून दोनदा चौखूर नेऊ दे, निदान पाऊण मैल, चढावर असेल तर उत्तम. श्वास आत घेताना करवतीसारखा किंवा शिट्टीसारखा आवाज असेल तर स्वरयंत्र; बाहेर सोडताना गुळण्या केल्यासारखी गुरगुर असेल तर टाळू. घोड्याच्या धावेत एका ढांगेला एक श्वास असतो, म्हणून ताल पकडायला दोन मिनिटं लागतात, पण एकदा पकडला की चुकत नाही. फोनवर आवाज रेकॉर्ड करून व्हेटला ऐकवा.

त्याच्या ठाणाकडेही नजर टाका. दाराची वरची कड दातांनी कुरतडलेली किंवा तिला पत्रा ठोकलेला, घशाला पट्ट्याची खूण: दात रोवून हवा गिळायची खोड. अंथरलेल्या भुशात गोल वाट पडलेली: रात्रभर फेऱ्या मारतो. दारात व्ही आकाराची जाळी: डुलतो. या खोडी एवढ्याशा दिसल्या तरी अशा घोड्याच्या अंगाला मांस धरत नाही, आणि हौशी पागेत त्याच्याकडे बघायला २४ तास माणूस नसतो. तोबऱ्यात दाणा शिल्लक असेल, अंगाला चमक नसेल, पोटपट्टा आवळताना चावायला वळत असेल, तर पोटातल्या व्रणाची शंका धरा. कामातल्या शर्यतीच्या घोड्यांत हे फार आढळतं, कारण दाणा जास्त आणि गवत कमी. औषधाने आणि गवत वाढवून बहुतेक बरं होतं, म्हणून तेवढ्यासाठी घोडा सोडू नका.

मुलगी बसेल तेव्हा तिला वेगाने पळवण्याची घाई करू देऊ नका. तिला यार्डातल्या घोड्यांची सवय आहे, म्हणजे लगाम ओढला की हा घोडा थांबत नाही, उलट हातावर रेलून वेग घेतो, हे तिला ठाऊक असेल. तिने बघायचं ते वेगळं: एकटा, सोबतीला दुसरा घोडा नसताना, यार्डाबाहेर पडतो का? रिकिबीत पाय ठेवताना उभा राहतो का? डाव्या आणि उजव्या वळणावर सारखाच वळतो का? कॅंटरमधून, म्हणजे मध्यम दौडीतून, दुडकीवर मागितल्यावर किती पावलांत येतो? मग त्यांच्याच रायडरने त्याला तीन लहान कुंपणांवरून न्यावं. तिने नाही, त्यांच्या माणसाने. बाजूला उभं राहून बघणाऱ्याला पाठीवर बसलेल्यापेक्षा जास्त दिसतं. शेवटी लॉरीत चढवायला सांगा. रविवारी सकाळी सहाला तो चढायला तयार नसेल तर शर्यत तिथेच संपते.

इथवर सगळं जमलं तरच व्हेट. तुमचा, त्यांचा नव्हे, आणि शर्यतीचे घोडे रोज पाहणारा. पाच टप्पे असे: उभ्या घोड्याची तपासणी, हाताने चालवून-पळवून, व्यायाम देऊन, विश्रांतीनंतर, आणि पुन्हा पळवून. स्वस्तातली दोन टप्प्यांची तपासणी पहिल्या दोनांवरच थांबते. तिच्यात श्वास आणि हृदय कामाखाली ऐकलं जात नाही, म्हणून तुमच्या कामाची नाही. हृदयाबद्दल एक सांगतो: विश्रांतीत नियमाने एखादा ठोका गाळणं हे तंदुरुस्त घोड्यांत चालतं आणि कामाला लावलं की जातं, ठोक्यांना कसलाच ताल नसेल तर अचानक मागे पडण्याचं ते कारण असू शकतं. फोनवर व्हेटला हेतू स्पष्ट सांगा, "३ मैलांच्या, कुंपणांच्या हौशी शर्यतींसाठी", कारण त्याचं मत त्या हेतूपुरतंच असतं. जादा पैसे दोन गोष्टींना द्या: दोन्ही पुढच्या पायांच्या कंडरांचा अल्ट्रासाउंड, आणि रक्ताचा नमुना. तो सहा महिने जपून ठेवतात. घोडा घरी आल्यावर लंगडू लागला तर त्या दिवशी वेदनाशामक दिलं होतं का, हे तपासता येतं. पाठीचे एक्स-रे मात्र पाठ दाबल्यावर तक्रार दिसली तरच काढा. या जातीच्या पाठीत खोगिराखालचे मणके एकमेकांना टेकलेले सर्रास दिसतात, कित्येकांना त्याचा त्रासही नसतो, आणि तुम्ही मात्र फोटो पाहून घाबराल.

स्कॅनमध्ये कंडरेच्या मध्यभागी काळं छिद्र दिसलं तर घोडा सोडा, अर्ध्या किमतीत दिला तरी. भरलेला व्रण दिसला तर किंमत निम्मी मागा आणि विमा कंपनीला आधी विचारा, बहुधा तो पाय विम्यातून वगळतील.

कागदांपैकी पासपोर्ट महत्त्वाचा. मानेच्या डाव्या बाजूची मायक्रोचिप वाचून नंबर जुळवा. फ्लूच्या लसींची साखळी तुटलेली नको. बूस्टर सहा महिन्यांच्या आत हवा. साखळी तुटली तर पहिल्यापासून सुरू करावं लागू शकतं आणि हंगामाचे आठवडे जातात. गावाकडची जुनी माणसं घोडा घेताना आधी भोवरे बघायची. पासपोर्टातल्या आकृतीतही प्रत्येक भोवरा फुलीने दाखवलेला असतो, पण नशीब सांगायला नव्हे, हाच तो घोडा हे ओळखायला. विकणारा व्यापारी आहे की खासगी मालक, तेही ठरवून घ्या. व्यापारी असेल तर ब्रिटनचा २०१५ चा ग्राहक हक्क कायदा तुमच्या बाजूने आहे. खासगी असेल तर त्याने लिहून दिलेलंच कामी येतं. म्हणून ईमेलवर घ्या: पायाला इजा झालेली नाही, श्वासमार्गाचं ऑपरेशन झालेलं नाही, अमुक खोडी नाहीत.

आता तुम्ही न विचारलेलं. हा घोडा पायाने धड निघाला तरी नवशिक्या मुलीसाठी तो आमची पसंती नाही. कुंपण त्याला शिकायचंय आणि तिलाही. दोघांपैकी एकाला तरी आधी येत असावं. दहा-अकरा वर्षांचा, कुंपणांच्या पंचवीस-तीस शर्यती झालेला, दर हंगामात न चुकता चार-पाचदा धावलेला, एखाद-दुसऱ्यांदाच पडलेला, क्वचित जिंकणारा पण शेवटपर्यंत पोचणारा असा कंटाळवाणा घोडा शोधा. त्याच्या पायांवर गाठी असतील, खुणा असतील, पण त्या त्याने धावून पचवलेल्या असतात. हंगाम संपत आला की असे घोडे बाजारात येतात, मे महिन्यात डॉनकास्टरच्या लिलावातही. तिथे बोली पौंडांत असते. न्यूमार्केटला टॅटरसॉल्स या लिलाव कंपनीकडे गेलात तर गिनीत, आणि गिनी म्हणजे १ पौंड ५ पेन्स, हे हात वर करण्याआधी लक्षात असू द्या. असा घोडा मिळाला तर त्याच्या तोंडात आजवर लगामाची कोणती कडी होती ते विचारा आणि पहिल्या हंगामात तीच ठेवा.